ओझीची मुलाखत बघायची, तर अशी

२१ जानेवारी २०२० ला ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात, ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक ओझी ऑस्बॉर्नने निवेदिका रॉबिन रॉबर्ट्सना सांगितलं की आपल्याला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात आहे. शेजारी त्याची बायको शॅरन बसली होती. आमच्याकडे देवगडात तेव्हा आंब्याला मोहोर होता, दिवसभर फवारणी करून मी दमून घरी आलो होतो. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा आला, बघितला आणि ग्रुपवर लिहून टाकलं, ‘ओझीचे दिवस भरले.’ पाच मिनिटांत मित्राचं उत्तर आलं, ‘आमच्या अण्णांका पण तोच आजार आसा. तेंचे पण दिवस भरले काय रे?’

रात्रभर डोळा लागला नाही. तेव्हापासून आम्ही सात जण जुन्या गायकांच्या मुलाखती ठरलेल्या रीतीनेच बघतो.

पहिलं म्हणजे तुकड्यावर काही लिहू नका. अख्खी मुलाखत आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवा, आमच्याकडे रेंजचा भरवसा नाही. ओझी बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टनचा, शब्द गिळत बोलायचा. वेग पाऊण पट करा, खाली अक्षरं चालू ठेवा. आम्ही खळ्यात पांढरी चादर बांधतो आणि ज्याचं इंग्रजी बरं तो मध्ये थांबवून मराठीत सांगतो. सांगताना घाई नको. शॅरन तिथे म्हणाली होती की ही काही मरणाची शिक्षा नव्हे. तुकड्यात हे वाक्य नव्हतंच.

आता चेहऱ्याकडे बघा, इथेच माणसं चुकतात. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. हात थरथरतात एवढंच आपल्याला माहीत असतं. पण हालचाल मंदावते, आवाज बारीक होतो आणि चेहऱ्यावरचे भावही कमी दिसू लागतात. ‘त्याला बोलण्यात रसच नाही’, ‘नशेत दिसतोय’ असं लिहिणाऱ्यांनी अण्णांना एकदा चहा पिताना बघावं. सून स्टीलचा ग्लास अर्धाच भरते. अण्णा तो दोन्ही हातांत धरतात, कोपर मांडीला टेकवतात आणि तोंड ग्लासाकडे नेतात. चेहरा दगडासारखा. नातवाने मागून हाक मारली की डोळे तेवढे हसतात. पडद्यावरही डोळेच बघा.

मग तो चाहत्यांकडे काय मागतोय ते ऐका. ओझीने त्या दिवशी साधं मागणं मागितलं होतं: साथ सोडू नका, मला तुमची गरज आहे. दशावतारात म्हाताऱ्या राजाचा आवाज फाटला म्हणून आपण जत्रेतून उठून जातो का? तसंच हे.

लिहायचं ते दुसऱ्या दिवशी. औषधं सुचवू नका, काढे तर नकोच. त्याचं कुठलं गाणं तुम्ही कधी, कुणाबरोबर ऐकलंत तेवढं लिहा. मी लिहिलं होतं की कॉलेजात असताना ब्लॅक सॅबथची कॅसेट मित्राच्या घरी ऐकायचो आणि अण्णा आवाज कमी करायला सांगायचे. त्यावर मित्राचा फोन आला. तोवर आमचं बोलणं बंदच होतं.

५ जुलै २०२५ ला ओझी व्हिला पार्कवर शेवटचं गायला, लहानपणीच्या घराजवळच्याच फुटबॉल मैदानात, काळ्या सिंहासनावर बसून. त्या मैफलीच्या पैशांतला वाटा पार्किन्सन्सवर काम करणाऱ्या संस्थेलाही गेला. १७ दिवसांनी, २२ जुलैला तो गेला, ७६ वर्षांचा होऊन. मग आम्ही ती मैफल बघायला बसलो. बाहेर धो धो पाऊस, म्हणून चादर मित्राच्या पडवीत बांधली. अण्णांनाही खुर्चीत आणून बसवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं,

“ह्यो बसान गाता काय?”

मित्र म्हणाला, “होय अण्णा, उभा ऱ्हवाक जमणा नाय तेका.”

“मगे काय झाला? डबलबारीत बुवा पण बसानच गातत. आवाज वाढव.”