सापळे टांगले, पतंग कोण मोजणार?

पोळ्याची अमावस्या तोंडावर आली आहे आणि मान्सूनपूर्व लावलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, डोमकळ्या दिसू लागल्या आहेत. डोमकळी म्हणजे गुलाबी बोंडअळी आत शिरल्यानं नीट न उमललेलं फूल. बाकीची कामं चार दिवस मागे पडली तरी चालेल, आधी सापळ्यातले या अळीचे पतंग मोजा.

दर हंगामात हेच बघतो. धुऱ्यावर कामगंध सापळा (मादीच्या वासाच्या गोळीनं नर पतंगांना ओढणारा) लटकलेला असतो, गोळी कधीच वाळून गेलेली, पिशवी फाटलेली आणि आत कोळ्याचं जाळं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सापळे लावले ना साहेब!" एकरी दोन सापळ्यांनी अळी मरत नाही. ते फक्त खबर देतात, आणि ती खबर घ्यायला रोज सकाळी कुणीतरी शेतात जावं लागतं. ज्यांचं बोंड किडलं, त्यातल्या बहुतेकांकडे सापळा होता. आकडा नव्हता.

मोजायचं कसं? सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट उंच ठेवा, पऱ्हाटी वाढेल तसा वर सरकवत जा. रोज सकाळी पतंग मोजा, पिशवी रिकामी करा आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग, असं सलग तीन दिवस झालं, की फवारणीची वेळ आली. गोळी साधारण तीन आठवड्यांनी, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे बदला. बदलताना हाताला कांदा-लसणाचा किंवा तंबाखूचा वास नको.

दुसरं काम लोकांना जिवावर येतं: बोंडं फोडणं. अंड्यातून निघालेली अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिच्यामागे भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, आत सरकी खाल्लेली. म्हणून आठवड्यातून एकदा शेतात तिरपं चालत जाऊन वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा. दोनांत अळी सापडली तर नुकसान दहा टक्क्यांवर गेलं. फुलांचंही तेच, शंभरात दहा डोमकळ्या म्हणजे थांबायचं नाही. वीस बोंडं वाया जातात म्हणून कुरकुरणारे पुढे अख्ख्या वेचणीत कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस घरी आणतात.

आता मोबाईलचं. राज्यात क्रॉपसॅप या कीड-सर्वेक्षण प्रकल्पातून निवडक प्लॉटची कीड-निरीक्षणं होतात आणि त्यावरून सल्ले निघतात. सल्ला वाचा, तो तालुक्याची हवा सांगतो. पण तुमच्या शेजारी मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा ढीग असेल किंवा जवळ जिनिंग (सरकी काढायचा कारखाना) असेल, जिथे अळी दडून राहते, तर ते त्या सल्ल्याला माहीत नसतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं कॅमेऱ्याचा, एआयवर चालणारा सापळा तयार केला आहे. वाधवानी एआयचं कॉटनएस ॲप सापळ्यातल्या पतंगांच्या फोटोवरून संख्या काढतं. चांगली गोष्ट आहे. मात्र तीन दिवसांचे पतंग एकदम टाकून फोटो काढला, तर ॲपही चुकीचाच हिशेब देणार.

ज्ञान सगळं वरून खाली येतं असंही नाही. डोमकळी ओळखायला शिकवलं ते शेतातल्या बायाबापड्यांनी. आज विद्यापीठाच्या पत्रकात तोच शब्द छापला जातो. गळफांदी, म्हणजे खालची नुसतीच वाढणारी फांदी, काढून शेंडा खुडण्याचं दादा लाड तंत्रही शेतकऱ्यानंच बसवलेलं. जुनी माणसं म्हणतात, अमावस्येच्या आसपास पतंग जास्त अंडी घालतात. माझा अंदाजही त्याच बाजूला झुकतो, म्हणून गरज असेल ती फवारणी अमावस्येच्या मागेपुढे दोन दिवसांत बसवायला सांगतो. कॅलेंडरवर तिथी छापलेलीच असते, तिच्याखाली रोजचा आकडा लिहा. हंगाम संपल्यावर ते पान कृषी विज्ञान केंद्राला दाखवा, त्यांनाही अशा नोंदी हव्याच असतात.

फवारणीचं:

पहिली, फुलं लागताना: ५ टक्के निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळी भरडून रात्रभर भिजवा, गाळा, १०० लिटर पाणी करा. घरची निंबोळी असताना महागडी बाटली कशाला?

वर सांगितलेल्या पातळीपुढे गेलं तरच: प्रोफेनोफॉस ५० टक्के ४०० मिली किंवा इमामेक्टीन बेन्झोएट ५ टक्के ८८ ग्रॅम, प्रति एकर. पुढच्या वेळी औषध बदला.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड इतक्या लवकर नको, पांढरी माशी उसळते.

दुकानात मोकळ्या हातानं गेलात की तीन बाटल्या मिळतात. एक अळीची, एक 'सोबत घ्या' म्हणून आणि एक टॉनिक. युरियाबरोबर लिंकिंग, म्हणजे नको असलेला माल गळ्यात मारणं, तर आहेच. तीन दिवसांचे आकडे खिशात असतील तर एकच बाटली मागता येते, पक्क्या बिलासह. घरच्या घरी औषधांची मिश्रणं करू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उंच पऱ्हाटीत शिरून फवारणाऱ्या माणसांना विषबाधा झाली, कित्येक दगावले. त्याच वर्षी बोंडअळीनंही धुमाकूळ घातलाच.

बाकी कामं:

- साचलेलं पाणी चर काढून बाहेर
- वाफसा आल्यावरच डवरणी (कोळपणी), निंदण
- डोमकळ्या वेचून जाळणं
- नत्राचा जादा हप्ता नको
- फवारणी सकाळी, वाऱ्याकडे पाठ करून. तोंडाला मास्क, हातमोजे
- डिसेंबरअखेर पीक मोडणं, फरदड (तेच पीक पुढे पाणी देऊन राखणं) नाही

शंका असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) फोटो पाठवा, पण फोडलेल्या बोंडाचा, आतल्या अळीसकट. नुसत्या पानांचे फोटो येतात, त्यावरून गुलाबी बोंडअळी कुणालाच ओळखता येत नाही.