पुस्तकासाठी संपादक नेमताय? या चुका टाळा

हस्तलिखित पूर्ण झालं की बहुतेक लेखक ओळखीत विचारतात, "कुणी चांगलं प्रूफ बघणारं आहे का?" गडबड इथेच सुरू होते. मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफ बघणारा, छपाईसाठी पानं लावून झाल्यावर बसतो आणि ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेला अनुस्वार, दोनदा आलेली ओळ, चुकलेला पृष्ठांक पाहतो. तिसरं प्रकरण पहिलं असायला हवं होतं हे त्याला जाणवलं, तरी तेव्हा सांगून उपयोग नसतो. संपादकाचं काम त्याच्या आधीचं. पहिल्यांदा रचना, म्हणजे काय ठेवायचं, काय गाळायचं, वाचक कुठे कंटाळेल. मग भाषा, वाक्यावाक्याने.

हा क्रम उलटा करणं ही सर्वांत महागडी चूक. आधी शुद्धलेखन तपासून घेतलं आणि नंतर दोन प्रकरणं नव्याने लिहावी लागली, तर तपासणीचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. पानं लागल्यावर हे सुचलं तर अनुक्रमणिका आणि सूचीसुद्धा हलते. छपाईचा हिशेब बहुधा सोळा पानांच्या फॉर्मवर, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटावर चालतो, त्यामुळे वाढलेली दोन-तीन पानंही खिशाला लागू शकतात.

शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या सरांकडे हस्तलिखित देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण व्याकरण पक्कं असणं आणि अडीचशे पानांच्या कादंबरीचा तोल सांभाळता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नमुना काम मागा, आणि त्याचे पैसे द्या. आठ-दहा पानं पुरतात. पुस्तकाची सुरुवात मात्र देऊ नका, ती तुम्ही वीस वेळा घासलेली असते; मधलं, तुम्हालाच थोडं डळमळीत वाटणारं प्रकरण द्या. परत आल्यावर लाल खुणा मोजू नका, समासातले प्रश्न वाचा. "१९७२च्या दुष्काळात आजी साठीची आहे, मग १९९३च्या भूकंपात सत्तरीची कशी?" असं विचारणारा माणूस हातचा सोडू नये. एकही प्रश्न नसेल आणि पन्नास वेलांट्या बदललेल्या असतील, तर तुम्हाला मुद्रितशोधक भेटला आहे. तोही लागेल, पण नंतर.

मराठीत सर्वांत जास्त भांडणं होतात ती भाषेच्या निर्णयांवरून, कारण ते आधी कुणी बोलतच नाही. निवेदनात 'असे, केले' ठेवायचं की 'असं, केलं'? दोन्ही चालतं, पण एका परिच्छेदात हे आणि दुसऱ्यात ते चालत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम बहुतेक संपादक पाळतात. १९६२मध्ये चौदा झाले, १९७२मध्ये चारांची भर पडली. पण पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा याच नियमांत आहे. तरीही मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद पुणेरी करून परत आलेली हस्तलिखितं असतात. ऐतिहासिक पुस्तकात आणखी एक धोका असतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीच्या गद्याचे आणि केशवसुतांच्या आधीच्या पद्याचे उतारे मुळाप्रमाणे छापायचे, असा नियमच आहे. उत्साही संपादकाने बखरीतलं वाक्य 'दुरुस्त' केलं की पुराव्याचं मोल गेलं. असे दहा-पंधरा निर्णय एका कागदावर लिहून दोघांनी मान्य करा, आणि पहिलं प्रकरण संपादित होऊन आल्यावर तिथेच थांबून वाचा. आवाज तुमचा उरला नसेल, तर ते तेव्हाच सांगायचं. बाराव्या प्रकरणानंतर नाही.

आता फायलींचे घोळ. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर संपादकाकडे जाण्याआधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलताना 'ऱ्य' अनेकदा बिघडतो. 'आचाऱ्यांना' जेवण द्यायचं असतं आणि ते 'आचार्यांना' मिळतं, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे कुठलाही स्पेलचेक ते पकडत नाही. अवतरणचिन्हं आणि जोडाक्षरंही एकदा डोळ्यांखालून घाला.

फाइल परत आली, पण काय बदललं तेच कळत नाही? ट्रॅक चेंजेस, म्हणजे प्रत्येक बदल खुणेने दाखवणारी वर्डमधली सोय, सुरू न करता काम झालेलं असतं. घाबरू नका, मूळ प्रत जपलेली असेल, तर वर्डमधलं 'कम्पेअर' दोन्ही फायलींमधला फरक दाखवतं. बदल दिसू लागल्यावर मात्र रागाने सगळे नाकारू नका आणि थकून 'ॲक्सेप्ट ऑल'ही दाबू नका.

पैशांचं बोलताना 'पानाला इतके' यावर थांबू नका. पान कुठलं? बारा पॉइंटचं की सोळाचं? शब्दांवर दर ठरवणं बरं. (शब्दयोगी अव्ययं तोडून 'घरा मध्ये' लिहायची सवय असेल तर तिथेही बिल फुगतं, कारण वर्ड मोकळ्या जागांवरून शब्द मोजतो.) हप्ते पाडा, किती फेऱ्या आणि कधीपर्यंत हे लिहून घ्या. संपादन, मुखपृष्ठ आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) असं एकत्र पॅकेज विकणाऱ्याला आयएसबीएनचे किती लावले ते विचारा. केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून तो मोफत मिळतो. संपादकाने एखादं प्रकरण स्वतःच लिहून दिलं, तर त्या मजकुराच्या मालकीचा प्रश्न उभा राहतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याकडे द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं, व्हॉट्सॲपवरचा अंगठा त्यासाठी पुरेसा धरू नका.

वेळ निवडतानाही चुकतं. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत चांगले संपादक आणि मुद्रितशोधक दिवाळी अंकांत बुडालेले असतात. त्या दिवसांत कुणी 'पंधरा दिवसांत पूर्ण पुस्तक देतो' म्हणालं, तर वाचन कोण करणार आहे ते विचारून घ्या. आणि शेवटची प्रुफं संपादकाकडेच देऊ नका. तीनदा वाचलेल्या मजकुरातली चूक त्याला दिसत नाही, तुम्हालाही नाही.