जुन्या बाटलीतला माइट चारही बाजूंनी बघायचा असेल तर

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पालापाचोळ्यातून काढलेले ऑरिबॅटिड माइट (कठीण कवचाचे, आठ पायांचे बारीक जीव) कॉलेजच्या संग्रहात अल्कोहोलमध्ये असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली नुसता तपकिरी गोळा दिसतो. कायमची स्लाइड केली की एकच बाजू हाती लागते. त्यापेक्षा हे करा:

१. कॅव्हिटी स्लाइडच्या खळग्यात लॅक्टिक अ‍ॅसिडचा थेंब टाका, बारीक ब्रशने एकच माइट सोडा.

२. कव्हरस्लिप खळग्यावर अर्धीच ठेवा. खळगा जिथे उथळ होतो त्या फटीत सुईने माइट ढकला, तो तिथे अडकून बसतो.

३. रंग उतरू द्या. काहींना तास पुरतात, काळ्या जाड पाठीच्यांना दिवस लागतात. घाई करून दिव्यावर धरू नका.

४. आता कव्हरस्लिप अलगद सरकवा. माइट लोळतो! पाठीवरचे केस मोजा, पाठीच्या पुढच्या भागावरच्या सेन्सिलसचा (जोडीने असणाऱ्या खास संवेदी केसांचा) आकार काढून ठेवा, मग पोटाकडच्या जनन आणि गुदपट्ट्या. जात ठरते ती बहुधा इथेच.

काम झाल्यावर धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये, त्याच चिठ्ठीसह परत. चिठ्ठी पेन्सिलीचीच हवी, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

बाटलीवर ‘होलोटाइप’ (ज्या एका नमुन्यावर त्या जातीचं नाव आधारलेलं असतं तो) लिहिलेलं असेल तर संग्रहपालांना विचारल्याशिवाय झाकणसुद्धा उघडू नका.