आयईएमसाठी अ‍ॅम्प: वॅट नको, शांतता बघा

इन-इअर मॉनिटरला (आयईएम, म्हणजे कानाच्या आत बसणारा इअरफोन) अ‍ॅम्पची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची, ताकद फारशी लागतच नाही, तेव्हा मिलिवॅटच्या आकड्यांना भुलू नका. आधी अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याच्या आउटपुटचा ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत अडथळा, बघा. आयईएम 16 ओहमचा असेल तर अ‍ॅम्पचा 2 ओहमच्या आत हवा; नाहीतर खासकरून अनेक ड्रायव्हरवाल्या (ड्रायव्हर म्हणजे आतला छोटा स्पीकर) आयईएममध्ये बास-ट्रेबलचा तोल बिघडतो. मग गाणं न लावता शांत खोलीत ऐका. सूंऽऽ असा आवाज आला तर तो अ‍ॅम्प नकोच. ही परीक्षा पणजी-मडगाव कदंब बसमध्ये घेऊ नका, तिथे इंजिन सगळं गिळतं. लो गेनवाला (आवाज कमी वाढवणारा) यूएसबी-सी डोंगल, म्हणजे फोनला लावायचा छोटा अ‍ॅम्प, बहुतेकांना पुरतो, वेगळ्या चार्जिंगची कटकटही नाही. गोव्याच्या पावसाळ्यात मात्र पिनांवर हिरवट थर चढतो. डबीत सिलिका जेलची पुडी टाकाच.