पाणी कुठून आणणार? अणुऊर्जा क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

माझे बालपण परळी वैजनाथला, औष्णिक वीज केंद्राच्या शेजारी गेले. वाळत घातलेल्या कुरडयांवर आई जुने पातळ अंथरत असे आणि संध्याकाळी ते झटकले की करडी राख उडे. पुढे २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावे लागले, तेव्हा मी नांदेडला यांत्रिकी अभियांत्रिकी शिकत होतो. धूर नाही, राख नाही, कोळशाच्या वाघिणी नाहीत, म्हणून अणुऊर्जा हेच उत्तर, असे मी तेव्हाच ठरवून टाकले.

अभियांत्रिकी पदवीधरांच्या 'गेट' या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर या क्षेत्रातील नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला गेलो, तेव्हा मराठवाड्यात अणुवीज केंद्र उभारावे का, असे मला विचारण्यात आले. मी उत्साहाने होकार दिला. "पाणी कुठून आणणार?" एवढाच पुढचा प्रश्न होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या वर्षी माझी निवड झाली नाही.

या क्षेत्रात येणाऱ्याने हा मुद्दा आधी समजून घ्यावा. आपल्या अणुभट्ट्यांतील वाफेचे तापमान आधुनिक कोळसा केंद्रांपेक्षा कमी असल्याने उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत रूपांतरित होतो, उरलेली उष्णता पाण्याकडे सोपवावी लागते, आणि म्हणून प्रति युनिट पाणी कोळशापेक्षा सहसा जास्तच लागते. तारापूर, कल्पाक्कम, कुडनकुलम समुद्रकाठी आणि रावतभाटा, कैगा, काक्रापार जलाशयांच्या आधाराने का उभी आहेत, हे यावरून कळते. शिवाय परळीचे केंद्र पाणी संपल्यावर बंद करता आले; अणुभट्टीचे तसे नसते. विखंडन, म्हणजे अणू फुटण्याची क्रिया, थांबवल्यावरही सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनातून निघत राहते. २०११ मध्ये फुकुशिमात भूकंपानंतर भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या, परंतु त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडवली, पाणी फिरवणे थांबले आणि इंधन वितळले. किल्लारीचा भूकंप अनुभवलेली आपली माणसे याविषयी विचारतात, तेव्हा त्यांना अडाणी समजू नये.

असे असूनही मी पुन्हा प्रयत्न केला, याचे कारण प्रशिक्षणार्थी मित्राने दाखवलेले नमुन्याचे इंधन-जुडगे, म्हणजे अणुभट्टीत घालायच्या युरेनियमच्या कांड्यांची मोळी. अर्धा मीटर लांब, दोन्ही हातांत मावणारे. खऱ्या जुडग्यातून जेवढी वीज मिळते, तेवढ्यासाठी शेकडो टन कोळसा जाळावा लागला असता. सूर्य मावळल्यावरही ही वीज थांबत नाही. कैगाचा पहिला संच २०१८ अखेरपर्यंत सलग ९६२ दिवस चालला. अशी वीज समुद्रकाठी तयार होऊन तारांवाटे आपल्या शेतपंपापर्यंत येऊ शकते, हे उत्तर मला दुसऱ्या वर्षी सुचले.

उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. कुडनकुलमचा करार १९८८ चा, पहिल्या संचाची वीज २०१३ मध्ये आली. इतका काळ भांडवल अडकून पडते. अतिकिरणोत्सारी कचरा काचेत बंदिस्त करता येतो, पण त्याची राखण अनेक पिढ्यांवर सोपवावी लागते. जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाला असलेला मच्छीमारांचा विरोध मला केवळ अज्ञान वाटत नाही. ज्यांची उपजीविका समुद्रावर आहे, त्यांनी प्रश्न विचारणे रास्तच आहे.

प्रवेशाचे मार्ग अनेक आहेत. अभियंत्यांना 'गेट'मधून अणुवीज महामंडळात येता येते, भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही घेते, आणि पदविका, बी.एस्सी. किंवा आयटीआय झालेल्यांसाठी विद्यावेतनासह प्रशिक्षण असते. वसाहती शहरांपासून दूर असतात आणि पाळीची नोकरी रात्रीही करावी लागते, याची घरच्यांना आधीच कल्पना द्यावी.

आईला मात्र किरणांचीच काळजी होती. सुट्टीत घरी गेलो, तेव्हा तिला छातीवर लावायच्या टीएलडी बिल्ल्याविषयी सांगितले: शरीराला मिळालेली किरणांची मात्रा तो नोंदवतो, आणि पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या (हे त्या मात्रेचे एकक) वर जाऊ द्यायची नसते. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "आणि तो बिल्ला तपासतं कोण?" नियमित तपासणी कशी होते, हे मी तिला सांगितले; परंतु मुलाखतीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला आता मी हाच प्रश्न आधी विचारतो.