फ्रेडरिक द ग्रेटचा अभ्यास करताय? आधी राजाच्या लेखणीपासून सावध राहा

प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकवर प्रबंध लिहायचा असो, एम.ए.चा प्रकल्प असो की नुसतं मन लावून वाचायचं असो, सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ उडतो. १७४० ते १७८६ ही कारकीर्द, ऑस्ट्रियाकडून घेतलेला सायलेशिया प्रांत, सप्तवार्षिक युद्ध (१७५६ ते १७६३), फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरशी मैत्री, ‘प्रबुद्ध हुकूमशहा’ हा शिक्का, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढे लिहितो.

आधी नावांचा घोळ मिटवा. १७०१ मध्ये क्योनिग्सबेर्गला मुकुट घातला तो फ्रेडरिक पहिला, म्हणजे आजोबा. १७१३ ते १७४० राज्य करणारा ‘सैनिक राजा’ फ्रेडरिक विल्यम पहिला, म्हणजे वडील. आपला तो फ्रेडरिक दुसरा. त्याच्यानंतर गादीवर आला तो पुतण्या, फ्रेडरिक विल्यम दुसरा. वहीच्या पहिल्या पानावर चौघांची नावं सनांसकट लिहून ठेवा, कारण अनुवादित पुस्तकांच्या सूचीतसुद्धा यांची अदलाबदल झालेली सापडते.

सुरुवात बालपणापासून करू नका, हे माझं ठाम मत आहे. १७३० चा पळून जायचा प्रयत्न, ६ नोव्हेंबरला क्युस्ट्रीनच्या किल्ल्यात मित्र काट्टेचा शिरच्छेद, तो बघायला लावलेला अठरा वर्षांचा युवराज. हे सगळं खरं आहे आणि भयंकर आहे. पण तिथून सुरुवात केली की पुढच्या प्रत्येक निर्णयाचं कारण आपण बापाच्या छळात शोधू लागतो. सुरुवात ३१ मे १७४० पासून करा आणि त्या दिवशी अठ्ठावीस वर्षांच्या राजाच्या हातात काय आलं ते मांडा. सुमारे २२ लाख प्रजा, ८० हजारांच्या आसपास खडं सैन्य, खजिन्यात ८० लाख थालर (प्रशियाचं चांदीचं नाणं) रोख, आणि तुकड्यातुकड्यांचं राज्य. मध्ये ब्रांडेनबुर्ग आणि पोमेरेनिया, पोलंडच्या पलीकडे पूर्व प्रशिया, पश्चिमेला ऱ्हाइनच्या बाजूला क्लेव्ह आणि मार्क. नकाशा हाताने काढा, छापील चिकटवू नका. सायलेशिया का हवा होता आणि १७७२ मध्ये पोलंडचा कोणता लचका का तोडला, हे तो नकाशा काढताना निम्मं कळतं.

आता मुख्य सापळा. याच्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण चांगले चांगले अभ्यासक यात अडकतात आणि वर्षभराचं काम पुन्हा करायची पाळी येते.

या राजाने प्रचंड लिहिलं आहे. इतिहास, कविता, राजकीय मृत्युपत्रं (म्हणजे वारसासाठी राज्यकारभाराबद्दल लिहून ठेवलेले विचार), सेनापतींसाठी सूचना, हजारो पत्रं. एकोणिसाव्या शतकात छापलेल्या त्याच्या समग्र लेखनाचे तीस खंड आहेत, आणि राजकीय पत्रव्यवहाराची मालिका वेगळी. शैली स्वच्छ, बुद्धी तल्लख. स्वतःच्या काळाच्या इतिहासात तो स्वतःचा उल्लेख ‘राजा’ असा तृतीयपुरुषी करतो, त्यामुळे मजकूर एखाद्या तटस्थ इतिहासकाराचा वाटू लागतो. इथेच पाय घसरतो. त्याच्या युद्धांबद्दल पाठ्यपुस्तकांत जे वाचायला मिळतं, त्यातला मोठा भाग फिरून फिरून त्याच्याच लेखणीतून आलेला असतो. तीन पुस्तकं एकच गोष्ट सांगतात म्हणून ती पक्की मानू नका. तिन्हींचा उगम एकच असू शकतो.

सायलेशियातली मोल्व्हिट्झची लढाई घ्या, १० एप्रिल १७४१. ऑस्ट्रियन घोडदळाने प्रशियाची उजवी बाजू मोडली, सेनापती श्वेरीनने राजाला मैदान सोडायचा सल्ला दिला आणि राजा निघाला. तो ओपेल्नपर्यंत गेला तर ते गाव शत्रूच्या ताब्यात. इकडे पायदळाने श्वेरीनच्या हुकमाखाली लढाई जिंकली आणि राजाला विजय दुसऱ्या दिवशी कळला. राजाचा स्वतःचा वृत्तांत वाचा. त्यात तो झालेल्या चुकांची चर्चा मोकळेपणाने करतो आणि मोल्व्हिट्झ ही आपली शाळा ठरली असं म्हणतो. वाचणारा भारावतो. चुका कबूल करणारा माणूस खरंच बोलत असणार असं वाटतं, आणि त्या कबुलीच्या भरात ती घोडदौड मागे पडते. सोयीच्या चुका कबूल करून गैरसोयीची गोष्ट झाकणं त्याला उत्तम जमत होतं.

उपाय साधा आहे, फक्त चिकाटीने करावा लागतो. राजाचा कोणताही मजकूर टिपताना चार गोष्टी सोबत लिहायच्या: कधी लिहिला, कोणासाठी, छापायला की गुप्त ठेवायला, आणि नंतर बदलला का. मॅकियाव्हेलीचं खंडन करणारा ग्रंथ १७४० मध्ये व्हॉल्टेअरच्या मदतीने छापला गेला, पण लिहिला युवराज असताना. त्याच वर्षी १६ डिसेंबरला सैन्य सायलेशियात घुसलं. याला सरसकट ढोंग म्हणायच्या आधी तारखा बघा. सायलेशिया ज्याच्या ताब्यात होता तो ऑस्ट्रियाचा सम्राट सहावा चार्ल्स २० ऑक्टोबरला वारला. संधी ग्रंथ लिहून झाल्यावर आली. आपल्या काळाचा इतिहास त्याने १७४६ मध्ये लिहिला आणि १७७५ मध्ये पुन्हा हाती घेऊन बदलला. चौतीस वर्षांचा विजेता आणि त्रेसष्ट वर्षांचा म्हातारा एकच घटना सारखी सांगत नाहीत, म्हणून कोणता पाठ वापरताय ते तळटीपेत लिहायलाच हवं. याउलट १७५२ चं राजकीय मृत्युपत्र फक्त वारसासाठी होतं. ते पूर्ण छापलं गेलं १९२० मध्ये. सॅक्सनी आणि पोलंडच्या ताब्यातला प्रशिया मिळाला तर किती बरं होईल, हे तिथे तो उघड लिहितो. २९ ऑगस्ट १७५६ ला सॅक्सनीवर केलेली चढाई ‘निव्वळ बचावासाठी’ होती हा त्याचा जाहीर दावा या मृत्युपत्राशेजारी ठेवूनच वाचा.

सगळ्यात प्रसिद्ध चूक ‘ब्रांडेनबुर्ग घराण्याचा चमत्कार’ या शब्दांची. रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ वारली, तिसरा पीटर गादीवर आला, त्याने युद्ध थांबवलं, प्रशिया वाचला आणि राजा म्हणाला चमत्कार, असं नोट्समध्ये सर्रास असतं. ते शब्द १ सप्टेंबर १७५९ चे आहेत, भाऊ हेन्रीला लिहिलेल्या पत्रातले. १२ ऑगस्टला कुनर्सडॉर्फच्या लढाईत त्याच्या सुमारे ५० हजारांच्या सैन्यातली १९ हजार माणसं गेली होती, बर्लिन उघडं पडलं होतं, आणि तरी रशियन-ऑस्ट्रियन सेना एकत्र चालून आल्या नाहीत. त्याला उद्देशून तो शब्द आहे. फरक बारीक वाटतो, पण मुद्दा त्यावर उलटतो. १७५९ मध्ये प्रशिया वाचला तो दोन मित्रराष्ट्रांच्या आपसातल्या अविश्वासामुळे आणि रसदीच्या अडचणींमुळे. एका मृत्यूवर सगळं ढकललं की हे कारणच दिसेनासं होतं.

दुसऱ्या बाजूची साक्ष मिळत नाही असं समजून घाबरू नका. ती भरपूर आहे. १७५७ च्या उन्हाळ्यातल्या माघारीचं खापर राजाने धाकटा भाऊ ऑगस्ट विल्यमवर फोडलं आणि त्याला सगळ्यांदेखत अपमानित केलं. वर्षभरात तो वारला. दुसरा भाऊ हेन्री ते विसरला नाही. राजाच्या मृत्यूनंतर त्याने राइन्सबेर्गला स्मारकस्तंभ उभारला तो ऑगस्ट विल्यमसाठी आणि राजाने ज्यांना पुरतं श्रेय दिलं नाही त्या अधिकाऱ्यांसाठी. त्यावरची नावं उतरवून घ्या आणि राजाच्या इतिहासात त्यांना किती ओळी मिळाल्या ते तपासा. एका छोट्या निबंधाचा ऐवज यातूनच निघेल.

लढायांबद्दल एकच सांगतो: जिंकलेली लॉयथेन एकटी वाचू नका, हरलेल्या कोलीनसोबत वाचा. दोन्हीकडे समोर ऑस्ट्रियन होते. ‘तिरकी फळी’ म्हणजे शत्रूच्या एका टोकावर सगळा जोर टाकायचा आणि आपली दुसरी बाजू मागे रोखून धरायची. लॉयथेनला, ५ डिसेंबर १७५७ रोजी, पलटणी एकीमागे एक पन्नास पावलांच्या अंतराने पायऱ्यांसारख्या पुढे सरकल्या. सुमारे ३५ हजार विरुद्ध ६५ हजार. बोर्नेपाशी हुलकावणी दिल्यावर शत्रूने राखीव फौज उजवीकडे नेली, तर प्रशियन स्तंभ टेकड्यांच्या आडून दक्षिणेला सरकून त्याच्या डाव्या टोकावर आदळले. तो मुलूख शांततेच्या काळातल्या कवायतींमुळे त्यांच्या पायाखालचा होता. कोलीनला, त्याच वर्षी १८ जूनला, कल्पना हीच होती. पण उंचावर बसलेल्या ऑस्ट्रियन सेनापती डाउनला सगळी हालचाल दिसत होती, आणि वळसा पूर्ण होण्याआधीच मधल्या तुकड्या समोरच्या गावावर तुटून पडल्या. आड मिळाला नाही की हा डाव फसतो. राजाने मात्र कोलीनचा दोष हाताखालच्यांवर टाकला. (आपल्याकडे सप्तवार्षिक युद्ध म्हणजे प्लासी आणि वांदिवाश. कोलीननंतर पाचच दिवसांनी प्लासी झाली. दोन्ही तारखा शेजारी लिहा, युद्धाचा पसारा डोळ्यांसमोर येतो.)

पैशाच्या आकड्यांशी जपून. १७५० मध्ये टांकसाळीचा प्रमुख ग्राउमान याने घालून दिलेल्या दराने कलोन मार्क या वजनाच्या, म्हणजे साधारण २३४ ग्रॅम, शुद्ध चांदीतून १४ थालर पाडायचे, म्हणजे एका थालरात सुमारे १६.७ ग्रॅम चांदी. युद्धात एफ्राइम आणि इट्झिग या टांकसाळ-मक्तेदारांकरवी राजाने सॅक्सनीचेच ठसे वापरून हलकी नाणी पाडली. एका मार्कातून तीस आणि त्याहूनही जास्त. तीस धरले तर थालरात आठ ग्रॅमही चांदी उरत नाही. त्यामुळे १७५६ चा आणि १७६१ चा खर्च थालरात शेजारी मांडून ‘खर्च दुप्पट झाला’ म्हणणं चूक. आधी चांदीत बदला, मग तुलना करा. ब्रिटनची मदत मात्र पौंडांत, वर्षाला ६ लाख ७० हजार, त्यामुळे तिचा हिशेब सोपा. बदललेलं चलन १७६४ मध्ये जागेवर आणलं गेलं, त्याआधी बर्लिनच्या पेढ्या बुडाल्या होत्या.

बहुतेक जण सप्तवार्षिक युद्ध संपवणाऱ्या १५ फेब्रुवारी १७६३ च्या हुबर्टुसबुर्ग तहावर थांबतात. तिथून मरेपर्यंत अजून तेवीस वर्षं आहेत, अर्धी कारकीर्द, आणि नव्या अभ्यासकाला काम करायला इथेच जागा आहे. १७६३ चा शाळांचा कायदा पाच ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी होता, पण मास्तर आणि पैसा कुठून आणायचा हा प्रश्न तसाच राहिला. त्याच वर्षी पोमेरेनियात भूदासपद्धती मोडायचा हुकूम निघाला आणि जमीनदारांनी तो जिरवला. १७६६ मध्ये जकातीचा कारभार फ्रेंच अधिकाऱ्यांकडे दिला, १७८१ मध्ये कॉफीची मक्तेदारी आली आणि चोरून भाजलेल्या कॉफीचा वास काढत फिरायला जायबंदी सैनिक नेमले. हुकूम निघाला म्हणजे काम झालं असं कुठेही धरू नका. धर्मसहिष्णुतेबद्दलही तेच. बर्लिनमध्ये कॅथलिकांचं सेंट हेडविग चर्च उभं राहिलं, पण १७५० चा ज्यूंसाठीचा नियम जाचक होता, आणि ज्यू तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सोनची बर्लिनच्या विज्ञान अकादमीवरची निवड राजाने मंजूर केली नाही.

चक्कीवाल्या आर्नोल्डचा खटला तर वाचाच. तळ्यांमुळे चक्कीचं पाणी तुटलं, अशी त्याची तक्रार होती. न्यायाधीशांनी गरिबाला नाडलं असं ठरवून राजाने डिसेंबर १७७९ मध्ये त्यांना बडतर्फ करून तुरुंगात टाकलं, आणि आपलं म्हणणं वर्तमानपत्रांत छापून आणलं. युरोपभर वाहवा झाली. राजा वारल्यावर प्रकरण पुन्हा तपासलं गेलं आणि न्यायाधीश निर्दोष ठरले. छापील वाहवा आणि नंतरचा निकाल, दोन्ही कागद एकत्र वाचले की वरचा सगळा सापळा एका प्रकरणात दिसतो.

भाषेचं म्हणाल तर आधी फ्रेंच शिका. जर्मन लागेलच, कारण खात्यांचे हुकूम आणि अहवाल जर्मनमध्ये आहेत, तेही जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात. पण राजाची स्वतःची पत्रं आणि ग्रंथ जवळजवळ सगळे फ्रेंचमध्ये आहेत, आणि ते फ्रेंच इतकं सरळ आहे की शब्दकोश घेऊन बसलात तर पहिल्या वर्षीच वाचू लागाल. ट्रिअर विद्यापीठाने समग्र लेखन आणि पत्रव्यवहार इंटरनेटवर फुकट ठेवला आहे. इंग्रजी अनुवादांवर प्रबंध उभा करायचा विचार सोडून द्या. हस्तलिखितं बर्लिनच्या डालेम भागातल्या गुप्त राज्य अभिलेखागारात आहेत. लष्करी विषय घेणार असाल तर आधीच सांगून ठेवतो, पोट्सडामचं लष्करी दफ्तर एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. पलटणींच्या याद्या, हजेऱ्या यांच्यासाठी जर्मन जनरल स्टाफने त्याआधी छापलेल्या खंडांवरच अवलंबून राहावं लागतं. विषय नोंदवायच्या आधी हे तपासा. नंतर कळलं तर फार महागात पडतं.

मार्गदर्शक निवडताना त्याचं नाव किती मोठं आहे ते बघू नका. तुमच्या कच्च्या प्रकरणातलं एक अवतरण उचलून ‘हे मूळ कुठे आहे, दाखव’ म्हणणारा माणूस शोधा. असा माणूस त्रासदायक वाटतो, पण तोच तारतो. तासाभरात सगळा फ्रेडरिक सांगणारे व्हिडिओ आणि तयार नोट्स परीक्षेपुरत्या चालतील, प्रबंधात त्यांचा एक आकडाही घेऊ नका.

तारखा घेताना रशियन कागद जुन्या पंचांगाने अकरा दिवस मागे असतात हे विसरू नका. एलिझाबेथचा मृत्यू तिथे २५ डिसेंबर १७६१, इतरत्र ५ जानेवारी १७६२. आणि पहिलं मूळ पत्र कोणतं वाचू असं विचाराल, तर हेन्रीला लिहिलेलं १ सप्टेंबर १७५९ चंच घ्या. ते छोटं आहे. ऑगस्ट १७५९ मधली त्याची इतर पत्रं तारखेप्रमाणे लावून त्यांच्यासोबत वाचा, आणि प्रत्येकाच्या समासात त्या चार गोष्टी लिहीत जा.