झोपेत दचकणारे बाळ: या चुका टाळा

मिरजेत नवजात बाळांच्या कक्षात परिचारिका म्हणून काम करताना त्याच त्या चुका मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. झोपलेले बाळ एकाएकी दोन्ही हात बाहेर फेकते, बोटे फाकवते आणि मिठी मारल्यासारखे हात पुन्हा छातीशी आणते. अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ साली वर्णन केलेली ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे. भांडे पडले किंवा मान क्षणभर मागे गेली की ती उमटते आणि साधारण चार ते सहा महिन्यांत आपोआप मावळते.

सर्वांत जास्त चुकते ते बाळाला पाळण्यात ठेवताना. घाईत डोके आधी सोडले जाते, मान मागे कलंडते आणि आपण पडतो आहोत असे वाटून बाळ दचकून रडते. मी आधी बाळाचे ढुंगण टेकवते, मग पाठ, शेवटी डोके, आणि एक हात छातीवर तसाच ठेवून त्याचे वीस श्वास मोजते. एवढा धीर नव्या आईवडिलांनी धरायलाच हवा. दचकल्याबरोबर उचलूही नये, कारण पुष्कळदा बाळ स्वतःच पुन्हा झोपते.

दुपट्यात गुंडाळताना पाय गुडघ्यांत दुमडता येतील इतके मोकळे ठेवावेत, बाळाला उताणेच निजवावे आणि ते कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद करावे. सांगलीच्या एप्रिलमध्ये मलमलचे एकच दुपटे पुरते. शांत झोपेसाठी जायफळ उगाळून चाटवणे मला मुळीच मान्य नाही. पोटात नेमके किती गेले हे कोणालाच सांगता येत नाही. दचकताना एकच हात उचलला जात असेल तर डॉक्टरांना दाखवावे, कारण प्रसूतीत खांद्याच्या नसांना किंवा हाडाला इजा झालेली असू शकते.

तासगाव तालुक्यातली एक आई साडेपाच महिन्यांच्या बाळाला घेऊन आली होती. "सिस्टर, झोपेतून उठलं की लागोपाठ दहा-बारा वेळा दचकतंय," असे ती म्हणाली. घरात तीन आठवडे मीठ-मोहरीने दृष्ट काढणे चालू होते. कसलाही आवाज नसताना, काही सेकंदांच्या अंतराने, मान पुढे झुकून बाळाचे अंग आवळले जात होते, आणि पूर्वी खुदकन हसणारे ते लेकरू हसेनासे झाले होते. मी तिला मोबाइलवर चित्रण करायला सांगितले. ते पाहताच डॉक्टरांनी त्याच दिवशी मेंदूचा आलेख काढायला लावला. ते दचकणे नव्हते, तान्ह्या वयातल्या झटक्यांचा आजार होता. त्यात उपचाराला उशीर झाला तर बाळाच्या वाढीवर परिणाम होतो. दुसऱ्या दिवशी औषध सुरू झाले. ते तीन आठवडे मात्र हातचे गेले होते.